नालीत पावडर टाकली, तरी पाणी तुंबलेलंच? आता हे करा

सावनेरला सावजी भोजनालय असो की घरगुती मेस, थंडीत एक अडचण ठरलेली. तर्रीचं तेल पाइपात थिजतं आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी सिंक तुंबतं. मग पोऱ्या पावडर टाकतो, पाणी हलत नाही, म्हणून वरून ॲसिड ओततो. धोका इथंच सुरू होतो.

कारण समजून घ्या. नाली मोकळी करायच्या पावडरीत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. पाणी लागलं की तो तापतो. त्यावर ॲसिड पडलं तर उसळून अंगावर येतं. आणि ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. लहानशा स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो.

पावडर फेल गेली तर:

१. दुसरं काहीही ओतू नका, उकळतं पाणीसुद्धा नाही.

२. खिडक्या उघडा. उग्र वास आला तर सगळे बाहेर.

३. प्लंजर मारू नका, खालचा ट्रॅप खोलू नका. साचलेलं पाणी आता साधं पाणी नाही, डोळ्यात उडेल.

४. सिंकवर "वापरू नका" असं लिहून लावा. पाकीट जपून ठेवा.

५. प्लंबरला येण्याआधीच सांगा: काय टाकलं, किती, किती वाजता. लाज वाटून लपवलं, तर हात त्याचे भाजतील.

अंगावर उडालं तर कपडे काढून, डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून, किमान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि १०८ ला फोन लावा. लिंबू, व्हिनेगर लावू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका.

तुंबारा बाहेर सेप्टिक टँकमध्ये असेल तर सक्शन गाडी बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गेलेला जीव कोणत्याही दंडानं परत येत नाही.

आजचा गृहपाठ: सिंकला बारीक जाळी बसवा. उरलेली तर्री डब्यात काढा, ताटं कागदानं पुसूनच सिंकमध्ये टाका. आणि वरचे पाच मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून सिंकच्या वर चिकटवा. तुम्ही गल्ल्यावर असता, सिंकपाशी पोऱ्या असतो. माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, बरं का!