गळ टाकणारे आणि पोहणारे : एकाच तलावातील शेजार

ज्या पाण्यात काही माणसे पोहतात त्याच पाण्यात दुसरी काही माणसे मासे धरतात, ही गोष्ट आपल्या देशात इतकी नित्याची आहे की तिच्यात काही प्रश्न दडलेला असेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. छत्तीसगढच्या मैदानी प्रदेशात तलावावाचून गाव क्वचितच आढळते. स्नान, कपडे धुणे, गुरांना पाण्यावर नेणे या सर्व व्यवहारांना तेथे ‘निस्तार’ असा एकच शब्द आहे, आणि हे व्यवहार ज्या तलावावर चालतात तो निस्तारी तलाव होय. त्याच तलावात रोहू, कटला, मृगल हे मासे वाढविले जातात आणि ते धरण्याचा हक्क पंचायत पट्ट्याने देते. म्हणजे एका पाण्याचे दोन धनी, आणि दोघांचाही हक्क खरा.

हा शेजार पिढ्यान्‌पिढ्या निभावला तो जागा आणि वेळ यांच्या वाटणीमुळे. दगडी पायऱ्यांच्या घाटाला छत्तीसगढीत ‘पचरी’ म्हणतात. बायकांची पचरी वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि गुरे उतारावरून पाण्यात शिरत. गळाला तेथे ‘गरी’ हा शब्द आहे. गरी टाकणारा पचरी सोडून झाडीच्या काठाला बसे, कारण माशालाही गलबला नकोसा असतो. केवट व ढीमर मंडळी जाळे कधी ओढणार हे गावाला आधीच ठाऊक असे.

अशा चालीरीतींना कायद्यानेही मान दिलेला आहे. 1959 च्या भू-राजस्व संहितेत ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ यांची तरतूद आहे. सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्यात मासे धरण्याविषयी गावाची जी रूढी असेल तिची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये केली जाते. मराठी वाचकाला हे शब्द परके वाटण्याचे कारण नाही. रायपूर आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एके काळी मध्य प्रांतातच होते. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल संहितेतही हीच दोन नावे आहेत, आणि भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांवर ढीवरांची मासेमारी व गावाचा वापर यांचा असाच संसार चालत आला आहे.

तथापि रूढी ही ओळखीवर जगते. रायपूरजवळच्या खेड्यांच्या शिवारात नवी राजधानी उभी राहिली. 2012 साली मंत्रालय तेथे गेले आणि 2018 साली शहराला ‘अटल नगर’ हे नाव मिळाले. अशा नव्या वसाहतीत तलाव जुनाच राहतो, परंतु काठावर येणारी माणसे एकमेकांना अनोळखी असतात. सुटीच्या दिवशी काठी घेऊन आलेल्या नोकरदाराला गावची पोरे कोठून उड्या मारतात हे माहीत नसते, आणि पोहायला आलेल्याला गळ कोठवर पोचला आहे याचा अंदाज नसतो. फलक लावल्याने ही ओळख निर्माण होत नाही. फलक बहुधा मनाई करतात, वाटणी शिकवीत नाहीत.

दुसरा बदल साधनांचा आहे. 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले, आणि पुढे सुती व रेशमी दोऱ्याची जागा नायलॉनच्या तंगुसाने घेतली. सुती दोरा पाण्यात दिसतो, कुजतो आणि झटका दिल्यास तुटतो. तंगूस जवळजवळ अदृश्य असतो, कुजत नाही आणि हाताने सहसा तुटत नाही. शिवाय बांबूच्या काठीने गळ काही हातांवर पडे. रिळाच्या काठीने तो चाळीस-पन्नास मीटर सहज जातो.

पाण्याखाली तंगूस कसा असतो हे पोहणाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे. शिशाचे वजन लावून गळ तळाशी सोडला असेल तर तंगूस काठीच्या टोकापासून तळापर्यंत तिरपा ताणलेला असतो. काठाजवळ तो पृष्ठभागालगत, नेमका पोहणाऱ्याच्या गळ्याच्या व हातांच्या उंचीवर येतो आणि पुढे खोल जातो. तरंडा लावलेला असेल तर तो बऱ्याच अंतरापर्यंत पृष्ठभागावरच पसरलेला असतो. म्हणून काठाला धरून पोहणे सुरक्षित, हा समज येथे उलटा ठरतो. काठीसमोरचे पाणी व्यापलेले आहे असे धरून चालावे आणि मोठा वळसा घालावा. भडक रंगाची टोपी घातल्यास काठावरून डोके दिसते.

जबाबदारीचा मोठा वाटा मात्र गळ टाकणाऱ्याकडे जातो, असे आम्हांस वाटते. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या पातळीवर असतात. काठावरच्या माणसाला सारा तलाव दिसतो. त्याने पचरीपासून दूर बसावे, गळ फेकण्यापूर्वी समोर व पाठीमागे पाहावे (मागे खेळणारे मूल हा नेहमीचा धोका), आणि कोणी पोहत जवळ आल्यास तंगूस गुंडाळून घ्यावा. अडकलेला गळ जोराने ओढू नये. तो सुटला की शिशाची गोळी गोफणीतल्या दगडासारखी उलट येते.

तंगूस पायात गुंतल्यास पोहणाऱ्याने हातपाय झाडू नयेत. प्रत्येक झटक्याने वेढा घट्ट होतो. पाठीवर तरंगत राहावे, श्वास घ्यावा व हाक मारावी. काठावरच्याने तंगूस ओढण्याऐवजी तत्काळ रीळ मोकळे करून तो सैल सोडावा. गळ टाकणाऱ्याजवळ चाकू किंवा कात्री हवीच. गळ अंगात रुतला तर त्याला उलटा दात असतो हे विसरू नये. तो उपसल्यास मांस फाटते. तंगूस कापून, गळ हलू न देता डॉक्टरकडे जावे व धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. डोळ्यात गळ शिरला असेल तर त्याला मुळीच हात लावू नये. डोळ्यावर दाब न येईल अशी वाटी वा पेला उपडा धरून रुग्णालय गाठावे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. छत्तीसगढात 16 जून ते 15 ऑगस्ट या बंद ऋतूत नद्यांत मासेमारीस मनाई असते. नदीनाल्यांशी न जोडलेल्या लहान तलावांना ती लागू नाही. तेव्हा गळवाल्यांनी तलावाकडे वळणे स्वाभाविक आहे, आणि याच दिवसांत पाणी इतके गढूळ असते की हातभर अंतरावरचे काही दिसत नाही. रात्री लावून ठेवलेली जाळी याहून घातक, कारण त्यांच्यापाशी कोणी बसलेले नसते. त्यांना मोठे, रंगीत तरंडे बांधावेत आणि पहाटे स्नानाला माणसे येण्यापूर्वी ती काढून घ्यावीत.

तुटून पाण्यात राहिलेल्या तंगुसाला तर कोणी धनीच नसतो. तो बुंध्यांना व कमळाच्या देठांना वेढून वर्षानुवर्षे पडून राहतो. वैशाखात पाणी ओसरले की तो उघडा पडतो, आणि गोळा करण्याची वेळ तीच. तो लहान तुकडे करून पोत्यात भरावा व काठावर न टाकता घेऊन जावा. काठावर टाकलेला तंगूस पहिल्या पावसात पुन्हा तलावात येतो.