पिल्लांना कोण सांभाळतं?

मुलांनो, नकाशात कर्कवृत्ताची रेघ तुम्ही पाहिली आहे. आपला सगळा महाराष्ट्र त्या रेघेच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात येतो. पण आपल्याकडं घाटावर ज्वारी आणि ऊस, तर घाट उतरला की नारळ-सुपारी. हा फरक बघायला मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही घरची पाच माणसं कोकणात उतरलो. मुक्काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी केला. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव.

रविवारी पहाटेच समुद्रावर गेलो. तिथं वाळूत कुंपण घालून जागा राखलेली होती. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि निघून जाते. ती परत बघायला येत नाही. अंडी उबवते ती उन्हानं तापलेली वाळू. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात.

पूर्वी ही अंडी लोक खायला किंवा विकायला नेत. कुत्री-कोल्ही उकरत, ते वेगळंच. सन 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथं राखणीचं काम सुरू केलं. सापडलेली अंडी जपून उचलून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवतात, वर टोपली झाकतात. राखण करणाऱ्या गावकऱ्यांना कासवमित्र म्हणतात.

त्या दिवशी टोपली उचलली तर खाली वाळू हलत होती! बोटभर लांबीची काळपट पिल्लं एकमेकांवर चढत होती. त्यांना पाण्यापासून थोडं लांब सोडलं. सगळी समुद्राकडं निघाली. एक मात्र मधेच थांबलं. माझ्या धाकटीनं ते उचलायला हात पुढं केला.

कासवमित्र म्हणाले, "बाळ, हात नको लावूस. त्याचं त्याला चालू दे. मोठी झाल्यावर मादी जन्मल्या किनाऱ्याच्या भागातच अंडी घालायला येते. म्हणून वाळूची ओळख हवी."

धाकटीनं हात मागं बांधले. पिल्लू दमानं उठलं, चार पावलं गेलं, पुन्हा थांबलं. शेवटी एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. हजारांत एखादंच मोठं होतं, असं सांगतात. तेच हे असेल का, असं धाकटी दिवसभर विचारत होती.

दुपारी एका वाडीत गेलो. वर माड आणि सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल चढवलेले, आणि खाली गर्द सावलीत जायफळाची झाडं. पिवळं फळ तडकलं की आत लाल जाळी दिसते. ती जायपत्री, आणि तिच्या आतली बी म्हणजे जायफळ. वाडीवाले आजोबा म्हणाले, "गुरुजी, जायफळाच्या रोपाला पहिली वर्षं ऊन सोसत नाही. माडानं सावली धरायची, आम्ही पाणी घालायचं, तेव्हा ते वाढतं."

वाडीमागं देवराई होती. तिथं मोठ्या चोचीचा धनेश पक्षी उंबरं घेऊन एका जुनाट झाडाकडं गेला. त्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते. विष्ठेनं दार लिंपते आणि चोचीपुरती फट ठेवते. अंडी उबवून पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, नर फटीतून चारा भरवतो. नराला कुणी मारलं तर आत अख्खं घर उपाशी! आणि जुनी झाडं तोडली तर ढोली कुठली?

आता बघा. कासवाच्या पिल्लाला आई सोडून जाते, धनेशाच्या पिल्लासाठी बाप राबतो, जायफळाच्या रोपाला माड सावली देतो. पण तिन्ही ठिकाणी माणसानंही आपला वाटा उचलायचा असतो. कुठं टोपली झाकायची, कुठं कुऱ्हाड आवरायची, कुठं पाणी घालायचं. आणि कधी कधी नुसते हात मागं बांधून उभं राहायचं. हेच सगळ्यात अवघड, असं धाकटी म्हणते.

हे शिकायला कोकणातच जायला हवं असं नाही. आपल्या रानात टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते. माणूस जवळ आला की ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. औत हाकताना तेवढी जागा सोडली, तर आपणही टिटवीमित्र!

विचार करा व लिहा :
1. कासवाची अंडी कोण उबवतं?
2. धनेशासाठी जुनं झाड का राखावं?
3. टिटवीची अंडी दिसली तर तुम्ही काय कराल? घरी वडिलांना विचारून लिहा.