कोशाचा पतंग व त्याचें बियाणें

विदर्भांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्यांच्या बांधावर अथवा जमिनीलगत ऐन व अर्जुन हीं झाडें आहेत, त्यांस कोसा नवा नाहीं. तथापि तो पाळणारे बहुधा धीवर बंधू असल्यामुळें जमीनधारक वर्गाचें या किड्याच्या आयुष्यक्रमाकडे फारसें लक्ष जात नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा पतंग पंख पसरले असतां सुमारें 6 इंच भरतो. नर तांबूस, मादी बहुधा पिवळसर व पोटानें जड. चारही पंखांवर अभ्रकाच्या चकतीसारखा पारदर्शक डोळा असतो. एवढ्या मोठ्या प्राण्यास खाण्याजोगें तोंड मात्र नाहीं! आठ-दहा दिवसांच्या आयुष्यांत तो कांहींच खात नाहीं. त्याचें उडणें, मीलन, मादीचीं दीड-दोनशें अंडीं, हें सर्व अळीनें पूर्वीं खाल्लेल्या पाल्यावरच चालतें. पाला निकस तर पुढची पिढीही हलकी.

अंडीं आठ-दहा दिवसांत फुटतात. हिरवी अळी चार वेळां कात टाकून महिना-सव्वा महिना, थंडीच्या पिकांत त्याहूनही अधिक, पाला खाते; मग फांदीस कडें घालून त्यास देठानें टांगलेला टणक कोसा विणते. तुतीचा किडा घरांत वाढतो, हा उघड्या झाडावर. म्हणून पक्षी व मुंग्या यांपासून राखण करावी लागते. शेजारच्या धानावर कीटकनाशक फवारतांना वारा झाडांकडे नसावा, एवढें तरी जमीनधारकानें पाहावें.

खरा पेंच बियाण्याचा आहे. शेवटच्या पिकाचे कोसे हिंवाळा-उन्हाळा निजून पावसाच्या सुमारास फुटतात. पतंग तोंडांतील रसानें कोशाचें टोंक मऊ करून बाहेर पडतो. त्या कोशाचा अखंड धागा निघत नाहीं व भावही उतरतो. साहजिकच मोठे कोसे बाजारांत जातात आणि रोडके बियाण्यास राहतात. आमच्या मतें हा व्यवहार उफराटा आहे.

दुसरें संकट पेब्रीन रोगाचें. तो आईकडून अंड्यांत उतरतो. 1865 पासून 1870 पर्यंत फ्रान्सांत तुतीच्या किड्यांवर संशोधन करून पाश्चर यांनीं जो उपाय दाखविला, तोच येथेंही लागू आहे: अंडीं घातल्यावर मादी पाण्यांत खलून तो थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा, आणि रोगाचे कण दिसल्यास तिचीं अंडीं नष्ट करावयाचीं. तपासलेलींच अंडीं घ्यावींत. बियाण्याचे कोसे पत्र्याच्या छपराखालीं न ठेवितां थंड व हवेशीर जागीं टांगावेत. वैशाखाच्या उन्हांत आंतील कोशित मरतें, आणि तें बाहेरून कळत नाहीं.