आमचा ओढा आणि पंचगंगा



पाणी म्हणजे जीवन असे आपण नेहमी म्हणतो. पण ते जीवन येते कुठून आणि जाते कुठे? परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी आम्हांला पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते शिकवले. मग आमच्या वर्गाने एक प्रयोग केला आणि एक पाहणी केली. त्याची माहिती मी इथे देते.

पंचगंगा कशी तयार होते?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीकडून येतात. पाचवी सरस्वती. ती गुप्त आहे असे लोक मानतात. करवीर तालुक्यात चिखली गावाजवळ प्रयाग संगम आहे. तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजी या शहरांजवळून वाहते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातून जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

आमच्या गावाचा ओढा कुंभी नदीला मिळतो. म्हणजे आमच्या डोंगरावर पडलेला पाऊस पार पूर्वेच्या समुद्रात जातो. अरबी समुद्र आपल्याला जवळ आहे, तरी पाणी तिकडे जात नाही. पाणी अंतर बघत नाही, उतार बघते.

पाणलोट क्षेत्र म्हणजे काय?

हे समजायला आपल्या घराचे छप्पर बघा. मधे आढे असते. आढ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस अंगणात येतो आणि पलीकडे पडलेला परसात जातो. पुढच्या पाख्यावरचे सगळे पाणी एका पन्हळीत जमते. तसेच डोंगराचे आहे. डोंगराची धार म्हणजे आढे, उतार म्हणजे पाखे आणि नदी म्हणजे पन्हळ. ज्या जमिनीवरचे पाणी उतरून एका ओढ्याला किंवा नदीला मिळते, त्या सगळ्या जमिनीला तिचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. त्यात डोंगर येतो, शेत येते, गोठा येतो, आपली गल्ली येते आणि ही शाळासुद्धा येते.

पन्हळीखाली घागर लावायची असेल तर आधी काय करावे लागते? कौले झाडावी लागतात. कौलांवर पालापाचोळा आणि घाण असली तर पन्हळ कितीही घासा, पाणी घाणच येणार. म्हणून नदी स्वच्छ करायची तर नुसती नदी धुऊन चालत नाही. जमीन स्वच्छ ठेवावी लागते.

आमचा प्रयोग

साहित्य : दोन घमेली (पुढच्या बाजूला भोके पाडलेली), माती, हरळीची ढेकळे, दोन विटा, दोन काचेच्या बरण्या, झारी, नीळ.

कृती : एका घमेल्यात नुसती माती भरली. दुसऱ्यात माती भरून वर हरळी लावली. दोन्हींच्या मागे वीट ठेवून उतार केला. दोन्हींवर चिमूटभर नीळ टाकली. नीळ म्हणजे खत असे समजायचे. मग झारीने सारखेच पाणी घातले आणि खाली बरण्या धरल्या.

काय दिसले : नुसत्या मातीवरचे पाणी भराभर खाली आले. ते चहासारखे गढूळ होते आणि त्यात निळी झाकसुद्धा होती. हरळीच्या घमेल्यातले पाणी हळूहळू आले. ते बरेच नितळ होते आणि निळा रंग अगदी थोडा होता.

अनुमान : गवत आणि झाडे माती धरून ठेवतात, पाणी जमिनीत मुरवतात आणि घाण अडवतात. उघड्या जमिनीवरून माती आणि खत दोन्ही वाहून जातात.

ओढ्याची पाहणी

एका शनिवारी आम्ही झऱ्यापासून नदीपर्यंत ओढ्याच्या काठाने गेलो. जे दिसले ते वहीत लिहिले.

१) डोंगरातला झरा : पाणी नितळ. तळाचे खडे दिसतात. दगडाखाली खेकडे आहेत. बारीक मासे आहेत. वास नाही.

२) वस्तीजवळ : गटाराचे पाणी ओढ्यात येते. काठावर पाच उकिरडे आहेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या झुडपांना अडकल्या आहेत. पाण्यावर साबणाचा फेस आहे. खेकडा दिसला नाही.

३) उसाच्या शेताजवळ : तळाला हिरवे शेवाळ आहे. औषधांच्या तीन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. गुरुजींनी त्यांना हात लावू दिला नाही.

४) ओढा नदीला मिळतो तिथे : पाणी काळपट. कडेला जलपर्णी आहे. पाण्याला वास येतो.

आमचा ओढा अवघा दीड किलोमीटर आहे. एवढ्यातच पाणी बदलून जाते!

थोडे गणित

आमच्या घरी रोज १४ घागरी पाणी लागते. त्यातले २ घागरी पिण्याला आणि स्वयंपाकाला. उरलेल्या १२ घागरी धुण्या-भांड्याला आणि अंघोळीला. एका घागरीत १५ लिटर धरले तर १८० लिटर सांडपाणी झाले. गावात १२० घरे आहेत. १८० गुणिले १२० म्हणजे २१,६०० लिटर. हे रोजचे आहे. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दोन टँकरपेक्षा जास्त सांडपाणी आमचे एकटे गाव रोज सोडते.

घाण पाण्याने काय होते?

पाण्यात हवा विरघळलेली असते. मासे त्यातला प्राणवायू घेतात. घाण पाण्यात गेली की ती कुजवणारे सूक्ष्म जंतू वाढतात आणि तेच प्राणवायू संपवतात. मग मासे वर तोंड काढतात आणि शेवटी मरतात. उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, त्यामुळे पाणी साचून राहते. साचलेल्या पाण्यात घाण आली तर हे लवकर होते. सांडपाणी आणि खत यांच्यावर जलपर्णी माजते. ती सगळी नदी झाकून टाकते.

माणसांनाही आजार होतात. कावीळ, विषमज्वर, कॉलरा आणि हगवण हे आजार दूषित पाण्यातून पसरतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. त्यात माणसेही दगावली.

माझी मावशी शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात राहते. गेल्या वर्षी तिच्या मुलीला कावीळ झाली. ती माझ्याच वयाची आहे. तिची दीड महिना शाळा बुडाली. मावशी पाणी उकळून गाळते, मगच पिते. ती आईला म्हणाली, "अगं, तुम्ही वरच्या अंगाला. तुम्ही जे सोडता तेच आमच्या हंड्यात येतंय." त्यावर आई काही बोलली नाही. मलाही काही उत्तर सुचले नाही.

माझी आज्जी सांगते, "आमी नदीला धुणं घिऊन जायचो तवा तहान लागली की वंजळीनं तिथंच पाणी प्यायचो. कुणाला कायबी हुत न्हवतं." आता तसे पिऊन चालणार नाही. गुरुजी म्हणाले की नितळ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात.

आपली घाण ती किती?

गावात काहीजण म्हणतात, "शहराची गटारं अन् कारखान्यांचं पाणी नदीत जातंय. आपल्या चार गटारांनी काय हुतंय?" हे निम्मे खरे आहे. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे मळीचे व रंगाचे पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. ते शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये यासाठी १९७४ साली देशात कायदा झाला. तो त्यांनी पाळलाच पाहिजे.

पण पंचगंगेच्या पाणलोटात आमच्यासारखी कितीतरी गावे आहेत. प्रत्येक गाव "आपली ती किती" असे म्हणाले तर सगळ्यांची मिळून नदीच भरते. आणि खालच्या लोकांना स्वच्छ ठेवा म्हणायचे असेल तर वरून आपण स्वच्छ सोडले पाहिजे.

आपल्याला काय करता येईल?

१) घराजवळ शोषखड्डा काढावा. सुमारे एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात खाली मोठे दगड, मग विटांचे तुकडे, वर वाळू घालावी. सांडपाणी मुरते, डासही कमी होतात. शोषखड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून लांब असावा.

२) उकिरडा ओढ्याच्या काठावरून हलवावा आणि कडेने बांध घालावा. आपण पैसे देऊन खत आणतो आणि घरचे शेणखत पाऊस फुकट घेऊन जातो.

३) फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. औषधाची बाटली रिकामी झाली की मोठ्या माणसांनी ती तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे. बाटली ओढ्यात टाकू नये.

४) उसाला खत एकदम न देता थोडे थोडे द्यावे. भरपूर पाणी सोडून ते वाहवू नये.

५) ओढ्याच्या दोन्ही काठांना गवत आणि झाडे राहू द्यावीत. अगदी काठापर्यंत नांगरू नये. डोंगराला वणवा लावू नये. उतारावर समतल चर काढावेत.

६) गणपतीची मूर्ती दान करावी किंवा काहिलीत विसर्जन करावे. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ लोक असे करतात. निर्माल्य खताच्या खड्ड्यात टाकावे.

७) सर्वांनी शौचालय वापरावे. पिण्याचे पाणी उकळून प्यावे.

आमच्या वर्गाने शाळेच्या हातपाय धुण्याच्या जागेजवळ शोषखड्डा काढला आहे. दगड आम्ही मुलांनी वेचून आणले. आज आलेल्या पालकांनी तो जरूर बघावा. तो आवडला तर घरी करावा. दगड वेचायला आम्ही येऊ. काठावरच्या पाच उकिरड्यांचा विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यावा, अशी आमच्या वर्गाची सर्वांना नम्र विनंती आहे.

सांगा पाहू

१) आपल्या शाळेच्या अंगणातले पाणी कोणत्या ओढ्याला जाते?

२) पंचगंगेतल्या चार नद्यांची नावे कोणती?

३) हरळीच्या घमेल्यातले पाणी नितळ का आले?

४) तुमच्या घरी रोज किती घागरी सांडपाणी होते? मोजून वहीत लिहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी