पहाटेचा क्रम आणि प्रसादाचा शब्द

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचे वाचन : श्रीमत् दासबोध, दशक ११, समास ३ (शिकवण निरूपण)
जोडीला : दशक १४, समास ३ (कवित्वकला निरूपण)



आज दोन समास एकत्र घेतले आहेत. एकात समर्थ दिवस कसा काढावा ते सांगतात, दुसऱ्यात चांगलं काव्य कशाला म्हणावं ते सांगतात. दोन्हींमध्ये तीन दशकांचं अंतर आहे आणि वरवर पाहता त्यांचा काही संबंध दिसत नाही. पण शेजारी ठेवून वाचले की पहिला समास दुसऱ्याची तयारी आहे असं मला वाटू लागतं. ज्याला काही लिहायचंय, गायचंय, शिकवायचंय, कीर्तनाला उभं राहायचंय, अगदी दारातली रांगोळी मनापासून काढायचीय, त्याच्यासाठी हे दोन्ही समास आहेत.

आधी अकराव्या दशकाकडे येऊ. समर्थांनी सांगितलेला सकाळचा क्रम साधा आहे. पहाटे उठावं. काहीतरी पाठांतर म्हणावं. जमेल तितकं भगवंताचं स्मरण करावं. मग दूर, कोणाला ठाऊक नसलेल्या जागी दिशेला जाऊन यावं, निर्मळ पाण्याने हातपाय-तोंड धुवावं, स्नान-संध्या-पूजा करावी, थोडा फलाहार घ्यावा आणि मग संसाराच्या धंद्याला लागावं. धंद्याला लागल्यावर सगळ्यांशी गोड बोलावं आणि आपल्या कामात सावध राहावं. क्षण रिकामा जाऊ न देणं हेच भाग्याचं लक्षण, असं ते याच समासात सांगतात.

पुष्कळजण हा भाग ‘आरोग्याचे नियम’ म्हणून वाचून पुढे जातात. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. उठल्याबरोबर पहिली गोष्ट कोणती? पाठांतर. म्हणजे जगाचा शब्द कानावर पडण्याआधी एक चांगला शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचा. दुसरी गोष्ट स्मरण. तिसरी गोष्ट घराबाहेर पडणं, तेही एकट्याने. माणसांशी बोलणं, देवघेव, हिशेब हे सगळं त्यानंतर. आता आपली सकाळ बघा. डोळे उघडायच्या आत हात मोबाईलकडे जातो. दहा जणांचे सुप्रभात, दोघांची भांडणं, एक वाईट बातमी, आणि मग आपण उठतो. समर्थांच्या क्रमात जे सगळ्यांत शेवटी होतं, ते आपण सगळ्यांत आधी घेतलं. दासबोधात या विखुरलेल्या मनाला ‘दुश्चितपणा’ म्हणतात. आठव्या दशकात त्यावर अख्खा एक समास आहे.

आता बाहेर पडण्याविषयी. हे सांगणारा माणूस मठात गादीवर बसून सांगत नव्हता. टाकळीला नंदिनीच्या पाण्यात उभं राहून बारा वर्षं जप केला आणि पुढची बारा वर्षं पायी देश पाहिला, असं परंपरा सांगते. नंतर ते आपल्या या कृष्णाकाठी आले. त्यांच्या अकरा मारुतींची ठिकाणं नकाशावर मांडून बघा. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात सातारा जिल्ह्यात. बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात. मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात. यातला बह्याचा मारुती तर कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. चाफळ मांड नदीच्या खोऱ्यात आहे, आणि तिथल्या रामाची मूर्ती कृष्णेतल्या अंगापूरच्या डोहात सापडली असं सांगतात. शिराळ्याच्या देवळाला असे झरोके आहेत की सूर्य उगवताना आणि मावळताना उजेड मारुतीच्या मुखावर पडतो, असं तिथली मंडळी दाखवतात. नदी, डोंगर, कोवळं ऊन यांच्याशी ज्याची रोजची ओळख आहे, त्यालाच अशा जागा सुचतात.

आणि ज्या ठिकाणी दासबोध सांगितला गेला असं मानतात ती शिवथरघळ तर धबधब्याशेजारची गुहा! पावसाळ्यात तिथे पाण्याच्या आवाजापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थांचं ‘बाग प्रकरण’ वाचलंत तर झाडाझुडपांची आणि वेलींची नावं ओळीने येतात. इतकी नावं, ज्याने ती झाडं थांबून पाहिली आहेत, त्यालाच आठवतील.

सोळाव्या दशकाचा क्रम तर मला फारच आवडतो. पहिला समास वाल्मीकींचं स्तवन, म्हणजे आदिकवीला नमस्कार. दुसरा सूर्याचा, तिसरा पृथ्वीचा, चौथा पाण्याचा, पाचवा अग्नीचा, सहावा वायूचा. कवीला वंदन करून समर्थ जणू दार उघडून अंगणात येतात. आधी ऊन, मग पायाखालची माती, मग पाणी. आपण सकाळी बाहेर पडल्यावर साधारण याच गोष्टी भेटतात की नाही?

पण इथे एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय आजचा अभ्यास पुरा होत नाही. “सकाळी फिरायला जा, निसर्ग बघा, म्हणजे सुचेल” असं आपण सहज म्हणतो. समर्थ असं म्हणत नाहीत. चौदाव्या दशकात त्यांनी काव्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : धीट, पाठ आणि प्रासादिक. मनाला येईल ते धिटाईने, ओढूनताणून रचलं, ते धीट. पुष्कळ ग्रंथ पाहिले आणि त्यांच्यासारखंच आपणही उतरवलं, ते पाठ. आणि डोळ्यांपुढे जे पडलं ते झटपट वर्णन करून टाकलं, पण आत भक्ती नाही, तर त्यालाही ते याच खालच्या वर्गात ढकलतात. म्हणजे सूर्योदय पाहिला आणि सूर्योदयावर चार ओळी लिहिल्या, एवढ्याने काम होत नाही! ज्याच्या आत भगवंताचं प्रेम घडीघडीने वाढतंय, त्याचं सहज बोलणंसुद्धा प्रासादिक होतं, असं त्यांचं म्हणणं.

मग पाठ वाईट का? तसंही नाही. सकाळच्या क्रमात पहिलं काम पाठांतराचंच दिलंय ना! समर्थांनी स्वतः वाल्मीकिरामायण हाताने उतरून काढलं होतं. ते हस्तलिखित धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेलं आहे. पाठ म्हणजे बियाणं. ते तसंच्या तसं बाजारात मांडलं तर ती उसनवारी झाली. मातीत घालून, पाणी देऊन, वाट बघितली तर पीक येतं. सकाळचं स्मरण आणि एकट्याने बाहेर पडणं ही ती माती आणि ते पाणी. उगवणं मात्र आपल्या हातात नाही. म्हणून तर त्याला प्रसाद म्हणतात. प्रसाद मागून घेता येत नाही, हात स्वच्छ धुऊन पुढे करता येतो.

हे सगळं आमच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात सांगून झालं, तेव्हा मागच्या ओळीतल्या एक ताई म्हणाल्या, “काका, हे पुरुषांचं झालं. मला एकांत कुठून आणायचा?” त्यांच्या परवानगीने लिहितो, नाव देत नाही. या ताई महिला मंडळासाठी भजनं रचतात. चांगली रचतात, आमच्या गल्लीत नवरात्रात त्यांचीच भजनं होतात. गेल्या आषाढात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. रात्री दोनदा उठायचं, पहाटे डबे, मग औषधं. तेव्हापासून वहीत एक ओळ नाही. “आटलं सगळं,” म्हणाल्या. “देवानेच काढून घेतलं असेल.” एवढं बोलून त्या खाली बघत बसल्या. वर्गात कुणी बोलेना.

त्या वेळी मला कल्याणस्वामी आठवले. सज्जनगडावर गेला असाल तर कल्याणस्वामींचे म्हणून दाखवतात ते पाण्याचे मोठे हंडे पाहिले असतील. खाली उरमोडीवरून पाणी भरून ते गडावर आणायचे, असं परंपरा सांगते. तो चढ ज्याने उन्हात चढलाय त्याला त्या हंड्यांचं वजन कळेल. आणि दासबोध समर्थांच्या मुखातून ऐकून कागदावर उतरवला तोही कल्याणांनीच, असं मानतात. म्हणजे पाणी वाहणारे आणि लिहिणारे हात एकच! त्यांना कुठे निवांत सकाळ होती? गुरूंच्या घरचं पाणी भरणं हेच त्यांचं बाहेर पडणं, आणि तीच पूजा.

मी ताईंना एवढंच सांगितलं. आणखी एक गोष्टही सांगितली. आपल्या आज्या-पणज्या पहाटे अंधारात जात्यावर बसत. तो वेळ मोकळा नव्हता, कष्टाचाच होता. तरी महाराष्ट्रात बायकांनी जितकं रचलं तितकं क्वचितच कुणी रचलं असेल. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी खेडोपाडी फिरून या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या १ लाखाच्या वर गेली. त्यात विठ्ठल आहे, माहेर आहे, सासुरवास आहे, सीता आहे. हात कामात, घर झोपेत, आणि मन एका ठिकाणी. एकांताला डोंगरच लागतो असं नाही. कुणी हाक मारणार नाही एवढा वेळ लागतो.

ताई थोड्या वेळाने म्हणाल्या, “साडेपाचला नळ येतो. अर्धा तास मी अंगणात घागरी भरत उभी असते. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही.” मग जरा हसून म्हणाल्या, “त्या वेळी मी मोबाईल बघते.”

त्यानंतर त्यांनी मोबाईल घरात ठेवायला सुरुवात केली. घागर भरेपर्यंत मनाच्या श्लोकांतले पाच श्लोक, मग नुसतं उभं राहणं. तीन आठवड्यांनी मला त्यांनी वही दाखवली. भजन नव्हतं. सासूबाईंच्या हातावरच्या गोंदणाबद्दल दोन ओळी होत्या. पुढचं अजून सुचलेलं नाही. पण त्या म्हणाल्या, “काका, आटलं नव्हतं. मीच तिकडे बघत नव्हते.” सासूबाई अजून अंथरुणावरच आहेत, रात्रीची जागरणं तशीच आहेत. तरी त्या दोन ओळींत भक्ती आहे असं मला वाटलं, कारण त्यांत रामाचं नाव नसूनही सेवा होती.

आता आपल्या सांगली जिल्ह्यातलंच एक अलीकडचं उदाहरण. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळे गावात शेतात एक पत्र्याची खोली आहे, ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ओळखली जाणारी. ग. दि. माडगूळकर पुण्या-मुंबईच्या धावपळीतून येऊन तिथे लिहीत बसत. आजूबाजूला काय? माणदेशाचं माळरान, दुष्काळी शिवार, मेंढरं. डोळ्यांना सुखावणारं फारसं काही नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीतं झाली. त्याच १९५५ साली त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांची ‘बनगरवाडी’ आली, याच माणदेशातल्या धनगरांची. एकाच मातीतून एकाला राम दिसला, दुसऱ्याला मेंढपाळ दिसला. देखणी जागा शोधत न बसता, आहे त्याच जागेकडे रोज प्रेमाने बघायचं, हे मी त्यांच्याकडून घेतो.

आता आजचा अभ्यास. फार नाही, तीनच गोष्टी, आणि सात दिवस करून बघायच्या.

१. उठल्यावर पहिला शब्द आपल्या तोंडून जाऊ द्या. मनाचे श्लोक, हरिपाठ, स्तोत्र, जे पाठ असेल ते. मोबाईल त्यानंतर.

२. दहा मिनिटं आकाशाखाली उभे राहा. गच्ची, अंगण, नळ, शेताचा बांध, दूधडेअरीची वाट, काहीही चालेल. कराडकर असाल तर प्रीतिसंगमावर जा. समोरासमोर येऊन मिळणाऱ्या कृष्णा-कोयना रोज नव्याने बघण्यासारख्या आहेत. पण फोटो काढू नका. ‘यावर काय लिहू?’ हा प्रश्नही बरोबर नेऊ नका.

३. घरी आल्यावर एकच वाक्य वहीत लिहा. सुंदर नको, खरं हवं. कोणाला पाठवू नका.

सात दिवसांत काही सुचलं नाही तर? तरीही सकाळ वाया गेली नाही. भगवंताचं नाव झालं, ऊन अंगावर पडलं, दिवसभर माणसांशी जरा गोड बोलणं झालं. समर्थांनी क्रम सांगितला तो याचसाठी. काव्य हा त्यावरचा प्रसाद. मिळाला तर डोक्याला लावायचा, नाही मिळाला तर उद्या पुन्हा दर्शनाला जायचं.

हे रामराया, उद्याचा पहिला शब्द तुझा असू दे. बाहेर जे दिसेल त्यात तुझी ओळख पटू दे. ज्यांना बाहेर पडायलाही सवड नाही, त्यांच्या घागरीपाशी, चुलीपाशी, रुग्णाच्या उशाशी तूच येऊन उभा राहा.

उद्याचे वाचन : दशक १६, समास २, सूर्यस्तवन. जमलं तर उगवत्या उन्हात बसून वाचा.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥