मे महिन्यात स्प्रेचे डबे

मुलांना घेऊन भिंत रंगवायची म्हटलं की लोक आधी विचारतात, चित्र कसलं? मी विचारतो, भिंतीचं तोंड कुठे? जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेची भिंत दुपारनंतर हात टेकू देत नाही. पण शाळांना सुट्टी तेव्हाच, त्यामुळे सगळी शिबिरंही तेव्हाच.

स्प्रेच्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: ५० अंशांवरच्या तापमानात ठेवू नये. ते कोणी वाचत नाही. आत रंगाबरोबर दाबून भरलेला वायू असतो, बहुधा ब्युटेन-प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच. उन्हात बंद उभी केलेली गाडी ५० अंश सहज गाठते. धुळ्यातल्या एका शिबिरात आयोजकांनी डबे डिकीत ठेवले होते. आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात फाटकन आवाज आला. डिकी उघडली तर स्टेपनीसकट सगळं निळं! गाडीत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. डबे सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या खोलीत, माठाशेजारी ठेवावेत, आणि भिंतीपाशी लागतील तेवढेच न्यावेत.

तापलेल्या भिंतीवर रंगही नीट बसत नाही. फवारा पोचायच्या आतच वाळतो, वरून हात फिरवला की खरखरीत भुकटी हाताला लागते. म्हणून काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आवरायचं. संध्याकाळचं काम मला पटत नाही. वारा सुटला की रंग भिंतीपेक्षा शेजारच्या पांढऱ्या गाडीवर जास्त बसतो, आणि मग गाडीवाल्याशी अर्धा तास ‘अहो भाऊ, ऐका तर’ करावं लागतं.

तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून रंगाची वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि तो लहान चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. त्यामुळे लहान मुलांना ब्रश आणि पाण्यातला इमल्शन रंग द्यावा. स्प्रे फक्त मोठ्यांच्या हाती. पोर ‘डोकं दुखतंय’ म्हणालं की त्याला तिथून लांब, मोकळ्या हवेत न्यायचं. डबे मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. हा वास मुद्दाम हुंगणारी मुलं असतात, हे पालकांना सांगायला लाजू नये.

पैसा भिंतीवर घाला. आपल्याकडच्या जुन्या भिंतींना खालून लोणा लागतो, काळ्या मातीवरच्या बांधकामाला तडे जातात. लोणा न खरवडता रंग चढवला तर एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या कलाकारांनी आधी भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, मग रंग. आपण निदान खरवडून, पुट्टी भरून प्राइमर तरी मारावा.

परवानगी तोंडी घेऊ नका. ‘करा हो बिनधास्त’ म्हणणाऱ्या एका साहेबांची बदली झाली आणि मुलांच्या चित्रावर महिनाभरात स्वच्छतेची घोषणा आली. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा राज्यात आहे. मालकाची लेखी संमती घ्या आणि चित्र किती दिवस ठेवणार, तेही त्याच कागदावर घ्या.

विषय विचारला की जळगावात हमखास उत्तर येतं, बहिणाबाई. माया समजते, पण थोरांचे चेहरे नवशिक्यांना देऊ नयेत. नाक थोडं चुकलं की चौकात वाद उभा राहतो. वांद्र्याला २०१४ साली रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळक्यांना इमारतभर उंच रंगवलं, पण ते मुरलेल्या हाताचं काम. मुलांना केळीचा घड द्या. यावल-रावेरच्या पोरांना त्यातल्या फण्या बघून काढायची गरज पडत नाही, आणि कडा स्टेन्सिलने छान येतात.

काम आवरताना डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे नळी तुंबत नाही. रिकामे वाटणारे डबे कचऱ्यात टाकू नका. आपल्या गल्ल्यांमध्ये ढीग पेटवायची सवय आहे आणि डब्यात वायू उरलेलाच असतो. ते वेगळ्या पोत्यात भरा, पोत्यावर ठळक अक्षरांत ‘पेटवू नये’ लिहा आणि सफाई कामगारांच्या हाती देताना तोंडानेही सांगा.