पहिले कॉइल मोज

बेटा, उन्हाळा लागला की कामठीत ज्याला त्याला कूलरचा पंप नाहीतर छतावरच्या टाकीची मोटर आपोआप चालू-बंद करून हवी असते. सर्किट एकच: एक रिले, एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, दोन रेझिस्टर. एवढं ध्यानात ठेव.

पहिले कॉइल मोज. हिशेब रिलेपासून मागे करत यायचा. १२ व्होल्टच्या छोट्या निळ्या रिलेची कॉइल मीटरवर साधारण ४०० ओहम दाखवते, म्हणजे करंट ३० मिलीअँपिअर. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरला १०० पर्यंत झेपतो, तो चालेल.

बेसला देताना हात आखडू नको. गेन शंभर-दोनशे असला, तरी कॉइलच्या करंटचा दहावा हिस्सा दे, इथे ३ मिलीअँपिअर. सिग्नल ५ व्होल्टचा असेल तर ०.७ बेस-एमिटर खातो, उरलेल्या ४.३ ला १ किलोओहम लाव. बेस ते एमिटर १० किलोओहम टाक, म्हणजे सिग्नलची तार सुटली तरी रिले आपल्या मनानं लागणार नाही.

रिले लागलेला असताना कलेक्टर-एमिटरवर मीटर धर. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसले तर झकास. दोन-तीन दिसले, तर ट्रान्झिस्टर अर्धवट चालू आहे. तो तापत राहील.

कॉइलला १एन४००७ डायोड समांतर लाव, पट्टीचं टोक प्लसकडे. करंट तुटताच कॉइल शेकडो व्होल्टचा उलटा झटका देऊ शकते, अन् बीसी ५४७ ची झेप ४५ चीच.

सर्किटचा डबा टिनाखाली उन्हात ठेवू नको. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल २५ वरून ६५ अंशांवर गेली की ४०० चे ४६० होतात. त्यात अडॅप्टर ढिला असला, की सकाळी टक्कन लागणारा रिले दुपारी नुसता कुरकुरतो. लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात. तू डबा सावलीत घे अन् कॉइलवरचे व्होल्ट मोज.

शेवटचं, रिलेवर छापलेल्या १० अँपिअरला भुलू नको. कूलरचा पंप छोटा, तो चालेल. एक एचपीची मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट ओढते. कॉन्टॅक्ट चिकटले की टाकी वाहतच राहणार. तिथं रिलेनं कॉन्टॅक्टर चालव, मोटर कॉन्टॅक्टरवर टाक. अन् २३० च्या बाजूला हात लावण्याआधी प्लग काढ, नुसतं बटन बंद करून भागत नाही.